एकट्याची शर्यतही सर्व्हरवाचून अडते तेव्हा: रेसिंग गेममधला वारंवार येणारा बिघाड कसा शोधायचा

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. गेम सुरू होतो, कंपन्यांची बोधचिन्हं येऊन जातात, मेनूचं संगीत वाजू लागतं आणि पडद्यावर संदेश येतो: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. खेळायची असते ती एकट्याची करिअर शर्यत. समोरच्या सगळ्या गाड्या गेमच चालवणार असतो, दुसरा एकही माणूस त्यात नसतो. तरी गॅरेजपर्यंतही जाता येत नाही. मग राउटर बंद करून चालू केला जातो, गेम काढून पुन्हा टाकला जातो, त्यात शंभर जीबीच्या आसपास डेटा खर्च होतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत होतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

गेम पुन्हा टाकणं हा यावरचा सर्वात जास्त सुचवला जाणारा उपाय आहे, आणि माझ्या मते सर्वात निरुपयोगी. अशा गेमचे दोन भाग असतात. रस्ते, गाड्यांची मॉडेलं, आवाज, टायर कधी घसरेल याचं गणित तुमच्या डिस्कवर असतं. तुमच्या गाड्या, क्रेडिट (म्हणजे गेममधले पैसे), जिंकलेल्या शर्यतींची नोंद, या आठवड्याचं बक्षीस, आज दुकानात कोणती गाडी आहे, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. बिघाड बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात किंवा दोघांना जोडणाऱ्या वाटेवर असतो, आणि पुन्हा टाकल्याने बदलतो तो फक्त पहिला. त्यामुळे आपल्या गेममधलं काय घरात आहे आणि काय त्यांच्याकडे, हे आधी माहीत करून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आधी दोष कुणाकडे ते ठरवा

पहिली पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. प्लेस्टेशन नेटवर्क आणि एक्सबॉक्स या दोघांचीही सेवांची सद्यस्थिती दाखवणारी अधिकृत पानं आहेत, ती मोबाइलवर उघडा. गेम बनवणाऱ्या स्टुडिओचं समाजमाध्यमांवरचं खातंही बघा. ठरलेली देखभाल असेल तर ती बहुधा आधी जाहीर झालेली असते, आणि अमेरिकेत मध्यरात्र किंवा पहाट असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो. तिकडच्यांना जे जाणवतही नाही ते आपल्याला रविवारी दुपारी नडतं.

मोठ्या बिघाडात घरी करण्यासारखं काहीच नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क जगभर सुमारे एक दिवस बंद होतं. ज्या गेमचं करिअर सर्व्हरवर अवलंबून आहे ते गेम डिस्क विकत घेतलेल्यांनाही त्या काळात खेळता येईनात. नंतर सोनीने पीएस प्लस या सशुल्क सेवेच्या सदस्यांची मुदत पाच दिवसांनी वाढवून दिली. अशा दिवशी राउटर फॅक्टरी रीसेट करणाऱ्यांना संध्याकाळी सेवा सुरू झाल्यावर वाटतं की रीसेटमुळेच जमलं, आणि तोच सल्ला पुढे फिरत राहतो.

सद्यस्थितीच्या पानावर सगळं ठीक दिसत असेल तर दोन चाचण्या करा. त्याच यंत्रावर दुसरा एखादा ऑनलाइन गेम उघडून बघा. मग कन्सोल किंवा पीसी घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. लॉगिनला डेटा फारसा लागत नाही, फक्त त्या वेळात मोठं अपडेट सुरू होणार नाही एवढं बघा. हॉटस्पॉटवर गेम चालला तर दोष घरच्या जोडणीत. दोन्हीकडे चालला नाही आणि बाकीचे गेम चालत असतील तर त्या गेमचा सर्व्हर किंवा तुमचं खातं. ही हॉटस्पॉटची चाचणी एवढी सोपी असूनही लोक ती करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आठवडा-आठवडा चाललेला शोध तिथे दहा मिनिटांत संपतो.

घरची जोडणी

यंत्राची तारीख-वेळ आपोआप ठरण्यावर आहे का ते बघा. घड्याळ चुकलं की सुरक्षित लॉगिन नाकारलं जातं. व्हीपीएन बंद करा. शक्य असेल तर केबल लावा. राउटर बंद करायचाच असेल तर फायबरचा छोटा डबा वेगळा असल्यास आधी तो चालू करा, त्याचे दिवे स्थिरावले की मग राउटर, मग कन्सोल.

त्यापुढचा भाग आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. भारतातल्या बऱ्याच घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे असतात. म्हणजे सेवा पुरवणारी कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. बाहेर जाणारा संपर्क त्यातून नीट जातो, पण दुसऱ्या खेळाडूचं यंत्र थेट तुमच्या यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही. मग गेम 'नॅट स्ट्रिक्ट' (जोडणी बंदिस्त) असं दाखवतो, मित्राच्या ताफ्यात शिरता येत नाही, खेळाडू जमतात त्या लॉबी रिकाम्या वाटतात. राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग होत नाही, कारण अडथळा तुमच्या राउटरच्या पलीकडे, कंपनीकडे असतो. ओळखायची खूण सोपी: राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. राउटरमध्ये आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बंद असेल तर चालू करून बघा. नाहीतर कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा. त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात.

पण ते पैसे भरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. सीजीनॅटचा त्रास इतर खेळाडूंशी जोडताना होतो. एकट्याच्या करिअरसाठी गेम सर्व्हरला जो संपर्क करतो तो आतून बाहेर जाणारा असतो, त्याला सीजीनॅट अडवत नाही. करिअर सुरू होत नाही म्हणून स्टॅटिक आयपी घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

विंडोजवर फोर्झा होरायझन खेळणाऱ्यांना टेरेडो हा शब्द भेटतो. जुन्या आयपीव्ही४ जोडणीवरून आयपीव्ही६ नेण्याची ती विंडोजमधली सोय आहे आणि एक्सबॉक्सचं मल्टिप्लेअर तिच्यावर टेकतं. एक्सबॉक्स नेटवर्किंगच्या पानावर टेरेडो पात्र ठरत नाही असा संदेश असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत 'आयपी हेल्पर' चालू आहे का आणि ती आपोआप सुरू होण्यावर आहे का ते बघा. 'विंडोज हलकी करणारी' साधनं वापरलेल्या पीसीवर ती अनेकदा बंद केलेली सापडते. त्रयस्थ अँटिव्हायरसचा फायरवॉलही तपासा.

सेव्ह हरवणं

खेळता खेळता लाइट गेली की खरा धोका इथे आहे. गेम बंद करताना सेव्ह, म्हणजे तुमच्या प्रगतीची नोंद, क्लाउडवर चढत असतो आणि नेमका तेव्हा राउटर बंद झालेला असतो. पुढच्या वेळी यंत्र विचारतं: क्लाउडवरची प्रत घ्यायची की इथली? घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही प्रतींची तारीख-वेळ वाचा. शंका असेल तर रद्द करून बाहेर या, जोडणी स्थिर होऊ द्या आणि मग पुन्हा उघडा. चुकीची निवड झाली की परत फिरता येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावणं हा या सगळ्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि गेम संपवल्यावर मुख्य मेनूपर्यंत येऊन थोडं थांबण्याची सवयही.

नेटवर्क ठीक, तरी वैताग: क्रेडिट आणि साप्ताहिक बक्षिसं

इथपर्यंतचं दुरुस्त करता येतं. आता जे सांगतो तो बिघाड गेमच्या रचनेतच आहे, आणि ग्रान टुरिस्मो ७ इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. हा गेम ४ मार्च २०२२ रोजी आला. करिअरला इंटरनेट लागतं. सेव्हमध्ये फेरफार करून फसवणूक होऊ नये म्हणून, असं मालिकेचे जनक काझुनोरी यामाउची यांनी कारण दिलं होतं. दोन आठवड्यांत १.०७ हे अपडेट आलं आणि सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले. करिअर कुणालाच खेळता आलं नाही. त्याच अपडेटने काही शर्यतींची बक्षिसाची रक्कमही कमी केली. लोक एवढे संतापले की यामाउचींना माफी मागावी लागली, खेळाडूंना १० लाख क्रेडिट दिले गेले आणि एप्रिलमधल्या अपडेटने बक्षिसं वाढवली.

संतापाचं कारण हिशोबाने समजतं. मॅक्लारेन एफ१ ही गाडी तेव्हा गेममध्ये १ कोटी ८५ लाख क्रेडिटला होती. खऱ्या पैशांनी २० लाख क्रेडिट १९.९९ डॉलरला मिळत. म्हणजे ती एक गाडी पैसे देऊन घ्यायची तर दहा पाकिटं, जवळपास २०० डॉलर. पीएस५ वर अख्ख्या गेमची किंमत ७० डॉलर होती. क्रेडिट मिळवण्याचा वेग आणि गाड्यांच्या किमती दोन्ही सर्व्हरवरून बदलता येतात, आणि विकत घेताना जो गेम होता तो दोन आठवड्यांनी तसा राहिला नाही, हे लोकांना तिथे पहिल्यांदा इतक्या उघडपणे कळलं.

आज हा गेम खेळत असाल तर पैसे न टाकता पुढे जाण्याची वाट आहे. सार्डेन्या या ट्रॅकवरची ८०० पीपीची (पीपी म्हणजे गाडीच्या क्षमतेचे गुण) वर्ल्ड टूरिंग कार शर्यत १५ फेऱ्यांची आहे. कुणालाही न धडकता पहिले आलात तर स्वच्छ शर्यतीच्या बोनससह साधारण ७ लाख ४० हजार क्रेडिट मिळतात. शर्यतीला अर्ध्या तासाहून थोडा कमी वेळ लागतो. 'फ्युएल मॅप' ही सेटिंग इंधन कमी जळेल अशी ठेवून चालवलं की पिटमध्ये थांबण्याचा वेळ वाचतो. बोनस एका धक्क्याने जातो, म्हणून सुरुवातीच्या गर्दीत दोन जागा कमी घेतलेल्या बऱ्या. मॅक्लारेनएवढ्या गाडीसाठी अशा पंचवीस शर्यती लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून गाड्या विकताही येतात, तेव्हा रूलेटमध्ये (नशिबावर बक्षीस देणाऱ्या चक्रात) मिळालेल्या दुबार गाड्या साठवू नका. आणि लेजंड, म्हणजे दुर्मिळ महागड्या गाड्यांच्या दुकानातून एखादी गाडी गेली म्हणून घाबरून क्रेडिट विकत घेऊ नका. त्या फिरून परत येतात.

फोर्झा होरायझन ५ मध्ये हाच दबाव दुसऱ्या वाटेने येतो. तो गेम जोडणीशिवायही बराचसा खेळता येतो, याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण बक्षिसाच्या गाड्या फेस्टिव्हल प्लेलिस्ट या आव्हानांच्या यादीतून मिळतात. चार आठवड्यांची एक मालिका, दर आठवड्याला एक ऋतू, आपल्याकडे गुरुवारी संध्याकाळी ऋतू बदलतो आणि त्या आठवड्याची गाडी निघून जाते. परीक्षा, लग्न, गावाला जाणं, काहीही असो. इथे लोकांचं चुकतं ते सगळे गुण मिळवण्याच्या हट्टात. ऋतूतली पहिली गाडी २० गुणांवर, दुसरी ४० वर असते. तीन चॅम्पियनशिपचे प्रत्येकी ५ आणि स्पीड ट्रॅप, डेंजर साइन असल्या स्टंटचे प्रत्येकी २ गुण धरले तर एका संध्याकाळी २० ओलांडता येतात. तेवढं करा आणि बाकीचा आठवडा मोकळेपणाने नकाशावर भटका. हुकलेली गाडी लिलावघरात मिळते. ऋतू बदलला त्याच रात्री भाव चढलेले असतात, पुढे बऱ्याच गाड्यांचे उतरतात. जुन्या बक्षिसाच्या गाड्या फोर्झाथॉन दुकानातही फिरून येतात.

२०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टने आणखी एक तऱ्हा दाखवली. प्रत्येक गाडी वेगळी चालवून तिची पातळी वाढवल्याशिवाय तिला नवे भाग लावता येत नव्हते, आणि करिअरला इंटरनेट हवंच. खेळाडूंनी सतत तक्रार केल्यावर मार्च २०२४ च्या अपडेटने भागांवरची ती अट काढली. तेव्हा तक्रार जरूर लिहा. कोणतं अपडेट, कोणती शर्यत, आधी किती मिळायचे, आता किती, असं नेमकं लिहिलेलं कामाला येतं.

ज्याला घरी उपाय नाही

युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गेम २ डिसेंबर २०१४ रोजी आला. अख्खी अमेरिका एका नकाशात आखडून बसवलेली, न्यूयॉर्कहून निघून कुठेही न थांबता पश्चिम किनाऱ्यापर्यंत गाडी नेता यायची. त्यात एकट्याची कथाही होती. पण गेम सतत सर्व्हरला बांधलेला होता. १४ डिसेंबर २०२३ रोजी विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. डिस्क असलेल्यांच्या हातात फक्त डिस्क उरली.

हे वाचून आजही मला राग येतो. सर्व्हर कायमचे चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना एकट्याने खेळण्यापुरतं अपडेट द्या, एवढीच मागणी आहे, आणि ते शक्य आहे याचा पुरावा त्याच क्षेत्रात आहे. ग्रान टुरिस्मो स्पोर्टची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली, पण त्याआधी अपडेट देऊन सेव्ह यंत्रावर आणला गेला आणि एकट्याचा खेळ चालू राहिला. दोन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

'द क्रू' बंद पडल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघातल्या नागरिक-पुढाकाराच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये आवश्यक १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दरम्यान युबीसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' आणि 'मोटरफेस्ट' यांना ऑफलाइन सोय देण्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'द क्रू २' ला ती मिळाली. तुमच्याकडे 'द क्रू २' असेल तर आपली प्रगती ऑफलाइन सेव्हमध्ये आत्ताच उतरवून घ्या.

विक्री थांबणं आणि सर्व्हर थांबणं यांत मात्र गल्लत करू नका. गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपतात म्हणून रेसिंग गेम दुकानातून जातात: फोर्झा होरायझन ३ सप्टेंबर २०२० मध्ये गेला, होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये. ज्यांनी आधी घेतले होते त्यांना ते पुन्हा उतरवून घेता येतात आणि खेळता येतात. अशी तारीख जाहीर झाली की शेवटच्या दिवसांत बहुधा मोठी सवलत असते. हवा असेल तर तेव्हा घ्या.

पुढचा गेम घेण्याआधी

दुकानाच्या पानावर 'ऑनलाइन आवश्यक', 'वेगळं खातं लागेल' असे शब्द शोधा. ते अनेकदा खाली, बारीक अक्षरांत असतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान पैसे भरतानाच सांगतं की तुम्ही गेम नव्हे, तो वापरण्याचा परवाना विकत घेत आहात. सप्टेंबर २०२४ चा 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड सोलर क्राउन' सतत जोडणी मागणारा होता, आणि आगाऊ पैसे भरून आधी शिरलेल्यांनाही सुरुवातीला सर्व्हरने बाहेर ठेवलं. अशा गेमसाठी पहिला महिना जाऊ द्यावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

पीसीवर असाल तर त्याहून खात्रीची एक चाचणी आहे. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि खेळाचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांतला अर्धा तास यासाठी राखून ठेवा. सुरुवातीचा शिकवणीचा भाग पार करा, एक शर्यत जिंका, गेम नीट बंद करा. मग स्टीम ऑफलाइन करा, नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि गेम पुन्हा उघडा. गॅरेज उघडतं का, करिअरची पुढची शर्यत सुरू होते का, मिळालेले क्रेडिट जमा होतात का, गाडी घेता येते का, आणि पुन्हा जोडणी आल्यावर ही प्रगती टिकते का, हे पाहून लिहून ठेवा. जो भाग उघडला नाही तो सर्व्हर बंद होईल त्या दिवशी जाणार आहे. तेवढा भाग वजा करून उरलेल्याला तुम्ही ती किंमत द्याल का, हे दोन तास संपण्याआधी ठरवा. प्लेस्टेशनवर ही सोय नाही. तिथे डाउनलोड सुरू झाल्यावर सहसा पैसे परत मिळत नाहीत. म्हणून कन्सोलवाल्यांनी ज्याच्याकडे तो गेम आहे अशा मित्राकडे जाऊन, त्याची केबल काढून बघावं.